आधी पीळ, मग नाव

फ्लॉरेन्सच्या लॉजिया देई लांझी या खुल्या मंडपात शिल्पकार जांबोलोन्याचं एक संगमरवरी शिल्प आहे. तळाशी दबलेला म्हातारा, त्याच्यावर उभा तरुण आणि त्या तरुणाने उचललेली, हात वर फेकून सुटू पाहणारी स्त्री. तीन देह, दगड मात्र एकच, आणि उंची चार मीटरहून जास्त. 1583 साली ते इथे आलं आणि ‘सबाइन स्त्रीचं अपहरण’ म्हणून गाजलं.

घडवताना मात्र त्याला नावच नव्हतं. जांबोलोन्या लहान मूर्तींतच रमतो अशी कुजबुज होती, त्या कुजबुजीला त्याला उत्तर द्यायचं होतं. त्या काळचा लेखक राफाएल्लो बोर्गिनी लिहितो, की नाव नंतर सुचवण्यात आलं. मग चौथऱ्यावर रोमनांनी सबाइन स्त्रिया पळवून नेल्याच्या कथेचं ब्राँझचं उठावचित्र बसलं, म्हणजे बघणाऱ्याला शंका नको! त्याआधी 1579 मध्येही जांबोलोन्याने दोन आकृत्यांच्या अशाच एका ब्राँझबद्दल कळवलं होतं, की त्यातल्या स्त्रीला हेलन म्हणा, प्रॉसर्पिना म्हणा किंवा सबाइन स्त्री; कथांमध्ये तिघींनाही पळवूनच नेलेलं. मला यात बेफिकिरी दिसत नाही. त्याचा विषयच देहाचा पीळ होता.

या पिळाचं कूळ जुनं. 1506 च्या जानेवारीत रोममधल्या एका द्राक्षमळ्यात सापांच्या विळख्यातल्या लाओकोऑनचं प्राचीन शिल्प सापडलं आणि ते पाहायला मायकेलअँजेलो धावला. पुढे कलालेखक लोमाझ्झोने 1584 च्या ग्रंथात मायकेलअँजेलोच्या नावावर एक सल्ला नोंदवला: आकृती निमुळती असावी आणि सापासारखी वळत जावी. जांबोलोन्याने हे वळण शेवटपर्यंत नेलं. त्याच्या शिल्पाला दर्शनी बाजूच उरली नाही. पुढचं कळायला चालत राहावं लागतं.

पंचाईत झाली ती छापचित्रकारांची. कागदाला एकच बाजू. त्याच 1584 साली आंद्रेआ आंद्रेआनीने या शिल्पाची लाकडी ठशांवरून छापचित्रं काढली, एकेका छटेला वेगळा ठोकळा वापरून. एका चित्रात भागेना, म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी तीन केली. एकात तरुणाची पाठ पुढे येते, तर दुसऱ्यात स्त्रीचा चेहरा.

एका शिल्पाची अनेक बाजूंनी चित्रं काढण्याची ही युक्ती उत्तरेकडेही रुजली. जांबोलोन्याच्या कारखान्यात शिकलेल्या आद्रिआन द व्ह्रीसने सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी पुराणकथेतले मर्क्युरी आणि साइकी ब्राँझमध्ये ओतले, 1593 मध्ये. ॲमस्टरडॅमच्या यान म्युलरने त्यांचीही तांब्याच्या पत्र्यावर कोरून तीन बाजूंची तीन चित्रं छापली.