जात्यावरची ओवी आणि ध्वनिमुद्रणाचें यंत्र

दप्तरांत जमिनीचा आकार सांपडतो, सारा सांपडतो, कर्जाचा आंकडाहि सांपडतो. पण त्या कर्जाविषयीं घरांतील बाई काय म्हणत होती, हें दप्तर सांगत नाहीं. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यापुढें ही अडचण फार जुनी आहे.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतांचे तुकडे, पिकें, कर्ज यांची त्यांत बारकाईनें नोंद आहे. तें गांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत विरून गेल्यामुळें त्या नोंदीचें मोल वाढलें आहे. तथापि त्यांत माणसें मोजलीं जातात, बोलत नाहींत.

आवाज टिपण्याचें यंत्र त्या काळीं नव्हतें, असें नाहीं. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीला जोडून १९१३ सालापासून बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या होऊं लागल्या. त्या पाहणीसाठीं निरनिराळ्या बोलींतून बायबलांतील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट गोळा केलेली होती. तबकड्यांतहि तीच वारंवार ऐकूं येते. बोलींची तुलना करण्यास हा मार्ग उत्तम. पण बोलणाऱ्याचें सुखदुःख त्यांत कोठून उमटणार?

तें उमटलें जात्याच्या ओवींत. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहांटे दळतांना बाई माहेर, सासुरवास, सीता, विठ्ठल, डॉ. आंबेडकर या सर्वांविषयीं आपल्या शब्दांत गाते. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातें मुकें झालें. तरी ओव्या वृद्धांच्या कंठांत उरल्या होत्या. पुढें बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञानें ध्वनिमुद्रणें केलीं व संगणकावर ओव्यांचा संग्रह रचला. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनें तो इंटरनेटवर सर्वांस खुला करण्यास आरंभ केला. येथें यंत्रानें जपून ठेवण्याचें काम केलें; काय गावें, हें मात्र बाईनेंच ठरविलें.

आमच्या मोरा बंदराच्या परिसरासहि हाच धडा घेतां येईल. येथून भाऊच्या धक्क्याला आजहि लाँच जाते. पण भोंवतालचें जग पालटलें आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठीं उरण भागांत १९८४ च्या जानेवारींत आंदोलन झालें. गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें, आणि २०२४ सालीं समुद्रावरील पूल. त्या आंदोलनांत जे वीस वर्षांचे होते, त्यांनीं आज साठी ओलांडली आहे. संपादनाचे कागद कचेरींत राहतील. मासळी, मीठ व भातशेती यांवर घर कसें चाले, हें सांगणारे राहणार नाहींत.

प्रत्येक घरांत आतां मोबाईल आहे, म्हणजे ध्वनिमुद्रणाचें यंत्र आहे. वडीलधाऱ्यांची अनुज्ञा घ्यावी. नांव, गांव, तारीख नोंदवावी. आपलें उत्तर त्यांच्या तोंडीं घालूं नये. आगरी वा कोळी बोलीस पुस्तकी वळण देऊं नये. मुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरीं ठेवावी, कारण तें बोलणें प्रथम त्यांचें आहे. आणि हें काम पुढच्या वर्षावर ढकलूं नये. इतिहासाचें हें दप्तर माणसाबरोबरच मिटतें.