साध्या क्ष-किरणचित्रातून हाडांची घनता : सिंग निर्देशांकापासून यंत्रशिक्षणापर्यंत

क्ष-किरणचित्रात हाड पांढरे दिसते. त्यामुळे ते किती भरीव आहे हेही त्यात दिसत असावे, असे वाटते. प्रत्यक्षात हाडाची विरळता साध्या चित्रात डोळ्यांना जाणवेपर्यंत सुमारे ३० टक्के खनिज नाहीसे झालेले असते.

१९७० मध्ये मनमोहन सिंग, नागरथ आणि मैनी यांनी यावर एक मार्ग सुचवला. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात भार पेलणाऱ्या बारीक अस्थिपट्ट्यांची जाळी असते. हाड विरळ होऊ लागले की या पट्ट्या ठरावीक क्रमाने पुसट होतात. मुख्य भार वाहणारी पट्टी सर्वांत शेवटी. त्यावरून सहा श्रेण्या ठरल्या : सहावी निरोगी, पहिली अतिविरळ. नवे यंत्र नको, वेगळा खर्च नको. हाच ‘सिंग निर्देशांक’. त्याचा दोष मात्र मोठा होता. एकच चित्र पाहून दोन डॉक्टर अनेकदा भिन्न श्रेण्या देत.

अडचणीचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. चित्रातील प्रत्येक बिंदूवर हाड आणि मांस या दोहोंनी मिळून किरण शोषलेले असतात : अज्ञात दोन, समीकरण एक. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘डेक्सा’ यंत्राने दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून दुसरे समीकरण मिळवले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच मापनावर अस्थिसुषिरतेची व्याख्या बेतली : टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी.

भारतात डेक्सा प्रामुख्याने शहरांत, तर क्ष-किरणयंत्र तालुक्याच्या गावीही. म्हणूनच २०२१ मध्ये तैवानच्या संशोधकांनी नितंब व कंबरेच्या साध्या चित्रांवरून घनतेचा अंदाज बांधणारी यंत्रशिक्षण-प्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा तिचे महत्त्व येथेही होते. अशी प्रणाली दुसरे समीकरण मिळवत नाही. एकाच रुग्णाचे साधे चित्र आणि डेक्साचा आकडा अशा असंख्य जोड्यांवरून ती पोत, कडांची जाडी आणि घनता यांचा संबंध शिकते. सिंग यांनी डोळ्यांनी जे टिपले, तेच ती न थकता, दरवेळी सारख्याच निकषाने टिपू शकते.

तरी एक शंका उरते. वय आणि लिंग यांच्या खुणाही चित्रात असतात, आणि घनता त्या दोहोंशी निगडित आहे. प्रणाली हाड वाचते की वय ओळखून सरासरी सांगते? सत्तरीतल्या आजींच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर बहुधा एकच येईल. तिचा खरा कस लागतो तो दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या पस्तिशीतल्या रुग्णाच्या चित्रावर. वयाच्या मानाने त्याचे हाड कितीतरी विरळ असू शकते आणि वेळेवर निदान झाले, तर त्याचे मोडणारे हाड वाचू शकते.