एका प्रार्थनेची फी

डॉक्टरांच्या दारात उभ्या असलेल्या गरिबाला दोन भये असतात : एक रोगाचे आणि दुसरे फीचे. पुष्कळदा दुसरे भय पहिल्यावर मात करते व तो दुखणे अंगावर काढीत राहतो. हे दुसरे भय हंगेरीतील एका कॅथलिक डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेरच ठेवले. त्यांचे नाव लास्लो बात्यानी-स्ट्राटमन.

२८ ऑक्टोबर १८७० रोजी दुनाकिलिती येथील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते सहावे. ते बारा वर्षांचे असताना आई देवाघरी गेली. गरिबांवर मोफत उपचार करणारा डॉक्टर व्हावे, अशी बालपणापासून इच्छा. परंतु मार्ग सरळ नव्हता. व्हिएन्नात शेतीशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय धुंडाळून ते १८९६ साली वैद्यकाकडे वळले व १९०० साली डॉक्टर झाले. तत्पूर्वी, १८९८ मध्ये, मारिया तेरेसा कोरेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या दांपत्यास तेरा अपत्ये झाली.

१९०२ साली किटसे या लहानशा गावी (हे गाव आता ऑस्ट्रियात आहे) त्यांनी २५ खाटांचे रुग्णालय उघडले. आरंभी सर्वसाधारण उपचार, पुढे शस्त्रक्रिया आणि त्यानंतर नेत्रचिकित्सा, असा त्यांचा व्यासंग वाढत गेला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी खाटांची संख्या १२० वर नेण्यात आली. १९१५ साली काकांच्या निधनानंतर कोर्मेंद येथील राजवाडा व प्रिन्स हा किताब त्यांच्याकडे आला. १९२० साली ते सहकुटुंब तेथे राहावयास गेले आणि वाड्याच्या एका भागात त्यांनी रुग्णालय थाटले.

गरीब रुग्णांकडून ते एकच फी घेत : ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना. औषधांचा भार स्वतः उचलीत आणि गरज दिसल्यास वर पैसेही देत. या फीचे मर्म आम्हांला मोलाचे वाटते. फुकट घेणाऱ्याची मान खाली जाते. परंतु ज्याने डॉक्टरांसाठी प्रार्थना केली, तो याचक उरत नाही. त्यानेही काही दिलेले असते आणि डॉक्टरांनी ते घेतलेले असते.

धनवंताला हे सोपे होते, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पगारी डॉक्टर नेमून स्वतः सुखात राहणेही त्यांना तितकेच सोपे होते. तसे न करता ते स्वतः शस्त्रक्रियेसाठी उभे राहिले. आपण केवळ देवाच्या हातातील साधन आहोत, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ते देवाचा आशीर्वाद मागत. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती प्रभूचे चित्र आणि ‘डोळे उघड आणि पाहा’ या नावाची पुस्तिका देत.

घरी दररोज पवित्र मिस्सा, जपमाळ आणि मुलांना धर्मशिक्षण असा परिपाठ होता. तरी दुःखाने त्यांचे दार टाळले नाही. १९२१ साली त्यांचा थोरला मुलगा अदन, अवघा एकवीस वर्षांचा, आंत्रपुच्छाच्या विकाराने मरण पावला. असंख्यांना बरे करणाऱ्या पित्याला आपला पुत्र वाचविता आला नाही. पण रुग्णसेवेत खंड पडला नाही. पुढे कर्करोगाने ग्रासल्यावर ते वर्षाहून अधिक काळ व्हिएन्नाच्या रुग्णालयात खिळून होते. २२ जानेवारी १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ मार्च २००३ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले.

आपल्या धर्मग्रामांतही रात्री-अपरात्री दार उघडणारे डॉक्टर आहेत, होऊन गेले. त्यांची फी आपण देतो आणि विसरतो. धन्यवादित लास्लो यांचा सण २२ जानेवारीस येतो. त्या दिवशी कुटुंबाच्या जपमाळेत आपल्या डॉक्टरांसाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणावे, आणि शेजारचा कोणी फीच्या भयाने दुखणे लपवीत नाही ना, याची विचारपूस करावी.