परीक्षेचा दिवस आणि अभ्यासाचे वर्ष



दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के मिळाले?" ज्या आकड्यावरून आपण मुलाची हुशारी ठरवतो, तो आकडा तयार कसा होतो, याचा इतिहास आपण कधी पाहिला आहे काय?

जुन्या मक्तबात उस्ताद रोज सबक ऐकत. तो पक्का झाल्याखेरीज पुढचा मिळत नसे. मोठ्या मदरशांत एखादा ग्रंथ उस्तादांपुढे नीट वाचून झाला, म्हणजे तो पुढे शिकविण्याची 'इजाजत' मिळे. ज्याने शिकविले तोच पारख करी. उस्ताद शिष्याला पुरते ओळखत असत. मात्र सारे काही त्यांच्या सचोटीवर अवलंबून असे.

1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. येथे शिकविणारा निराळा, तपासणारा निराळा. ज्याला ओळख नाही, वशिला नाही, अशा मुलालाही न्याय मिळावा, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण दोषही लपून राहिला नाही. 1902 च्या विद्यापीठ आयोगाने, ज्याचे हैदराबादचे सय्यद हुसेन बिलग्रामी हे एक सभासद होते, शिक्षण हे परीक्षेचे दास झाल्याची तक्रार केली. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने वर्षभराच्या कामाच्या नोंदींनाही निकालात स्थान द्यावे, असे सुचविले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले.

आता आपल्या राज्याचा अनुभव पाहा. 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे 20 गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ते गुण परत मिळाले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेचे मूल्यमापन यांवर 99.95 टक्के मुले उत्तीर्ण झाली. एवढ्या अल्पावधीत मुलांची बुद्धी अशी वरखाली झाली काय? नाही. मोजण्याची पट्टी बदलली.

म्हणून दोन्ही पद्धतींकडून आपापले काम घ्यावे. लेखी परीक्षा पक्षपात टाळते, पण मूल कोठे अडले हे फार उशिरा सांगते. वर्षभराची नोंद ते वेळीच सांगते, पण ती प्रामाणिक असेल तरच. शाळेचे गुण खैरातीसारखे वाटले, तर सर्वांत मोठे नुकसान गरीब घरच्या मुलाचे होते. खासगी शिकवणी त्याला परवडत नाही, आणि आपले कच्चे काय आहे हे त्याला थेट कॉलेजात गेल्यावर कळते.

पालकहो, निकालाच्या दिवशी टक्के विचारण्याआधी ऑगस्ट महिन्यात मुलाची वही उघडून पाहा आणि शिक्षकांना विचारा, "याला काय येत नाही?" विद्यार्थी मित्रांनो, हाच प्रश्न रोज रात्री स्वतःलाही विचारा. त्याचे खरे उत्तर ज्याला देता येते, त्याला मार्चमधल्या तीन तासांची भीती उरत नाही.