हडसनच्या पाण्यावरचे गाणे

नाव आणि गाणे यांचे नाते आपल्याला नवे नाही. गोव्याकडच्या वाचकांना तर ते सांगायलाच नको. पण गाण्याने नदी राखल्याचे उदाहरण शोधू लागलो, की आम्हांस न्यूयॉर्कच्या हडसनकडे वळावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही नदी उघडे गटार झाली होती. मॅनहॅटनच्या पश्चिम भागाचा मैला तसाच तिच्यात पडे. तो शुद्ध करणारे केंद्र सुरू व्हायला १९८६ साल उजाडले. वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी १९७७पर्यंत सुमारे तीस वर्षे पीसीबी ही विषारी रसायने सोडली. लोकगायक पीट सीगर याच नदीकाठी, बीकन येथे राहत. १९६६मध्ये त्यांनी व पत्नी तोशी यांनी संस्था काढली, गाण्याच्या कार्यक्रमांतून पैसा उभा केला आणि जुन्या धाटणीचे १०६ फुटी शिडाचे जहाज बांधविले. ‘क्लिअरवॉटर’ १९६९मध्ये पाण्यात उतरले. घाण काढायची सोडून जहाज कशाला, असे कोणीही विचारील. सीगर यांचा हिशेब निराळा होता: माणसे आधी नदीवर यावीत, तिच्यावर जीव जडला की घाण आपोआप खुपेल.

१९९०च्या दशकात मॅनहॅटनच्या पडीक धक्क्यांवरून स्वयंसेवक लोकांना कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, फुकट देऊ लागले. ‘डाउनटाउन बोटहाउस’ हे त्यांतले ठळक नाव. आम्हांस या होड्यांचे मोल जहाजाहून कमी वाटत नाही. शीड चढवायला अनेक हात लागतात. येथे वल्हे एकट्याच्या हाती येते, आणि पाणी थेट अंगावर उडते.

पीसीबीचा गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ चालले. सीगर २०१४मध्येच निवर्तले होते. जोराचा पाऊस झाला, की मैलापाणी आजही नदीत उतरते.