नेटिव्ह लायब्ररीचे मोबाइल अ‍ॅप : टूलचेन अडते कुठे?

लोणावळ्याहून राजमाचीला किंवा ढाक बहिरीला जाताना जंगलात मोबाइलचे नेटवर्क अनेक ठिकाणी नाहीसे होते. अशा वेळी फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा मोलाचा ठरतो. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे इंटरनेटविना चालणारे अ‍ॅप ‘ओपनस्ट्रीटमॅप’ची माहिती वापरते. नकाशा रेखाटणारा व मार्ग शोधणारा त्याचा गाभा सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे. यालाच नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. मूळ कोड सर्वांसाठी खुला असल्याने मावळातील भटक्यांच्या गरजेनुसार त्यात बदल करून अ‍ॅप बांधता येते. मात्र पहिला अडथळा बहुधा कोडमध्ये नव्हे, तर टूलचेनच्या मांडणीत येतो.

टूलचेन म्हणजे काय?

लिहिलेल्या कोडचे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनांची मालिका म्हणजे टूलचेन. कंपायलर आणि लिंकर हे तिचे प्रमुख घटक. बांधणीचे नियोजन सीमेक व ग्रेडल करतात. अँड्रॉइडसाठी ही नेटिव्ह साधने गुगलने २००९ मध्ये ‘एनडीके’ या नावाने उपलब्ध केली. संगणक एका जातीचा आणि फोनचा प्रोसेसर दुसऱ्या जातीचा असल्याने या साधनांचा परस्परांशी काटेकोर मेळ असावा लागतो.

नेहमीच्या अडचणी

आवृत्ती : एनडीकेच्या १८व्या आवृत्तीतून (२०१८) जीसीसी हा जुना कंपायलर काढून टाकण्यात आला, तेव्हापासून केवळ क्लँग उरला. त्यामुळे जुना प्रकल्प नव्या एनडीकेवर बांधल्यास ‘टूलचेन सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊ शकतो. सर्वांत नवी आवृत्ती घेण्याऐवजी प्रकल्पाने सांगितलेली आवृत्ती ग्रेडलच्या फाइलमध्ये नोंदवावी. ग्रेडलच्या अँड्रॉइड प्लगइनला ८व्या आवृत्तीपासून जेडीके १७ लागते, हेही तपासावे.

अपुरा कोड : ‘हेडर फाइल सापडत नाही’ असा संदेश आल्यास गिटमधील सबमॉड्यूल उतरवायचे राहिले असण्याची शक्यता मोठी. ‘ऑरगॅनिक मॅप्स’चा कोड घेतानाही ते सोबत घ्यावे लागतात.

फोल्डरचा पत्ता : एनडीके आणि प्रकल्प यांच्या पत्त्यात मोकळी जागा नसावी. विंडोजवर पत्ता फार लांबल्यासही बांधणी अडते.

प्रोसेसरची जात : अ‍ॅप संगणकावरील एम्युलेटरमध्ये चालते, पण फोनवर उघडताच बंद पडते. त्या वेळी नोंदींत ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ दिसल्यास लायब्ररी केवळ एम्युलेटरच्या प्रोसेसरसाठी बांधली गेली आहे का, हे पाहावे. आजच्या बहुतेक फोनसाठी ६४ बिट आर्म आवृत्ती आवश्यक असते; गुगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटची अट घातली आहे. जावा आणि सी प्लस प्लसमधील फंक्शनची नावे जुळत नसली तरीही हाच संदेश येतो.

मेमरी पेज : अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्त्यांसाठीच्या अ‍ॅप्सना १६ केबी पेजची अट १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एनडीकेची २८वी आवृत्ती अशी बांधणी आपोआप करते. मात्र इतरांकडून तयार घेतलेल्या लायब्ररी पुन्हा बांधलेल्याच मिळवाव्या लागतात.

शोधाचा क्रम

पडद्यावरील शेवटचा संदेश सहसा परिणाम सांगतो, कारण नव्हे. म्हणून पहिला संदेश शोधावा. एका वेळी एकच बदल करावा आणि आवृत्ती बदलल्यावर बांधणीचे जुने फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी. शेवटची चाचणी प्रत्यक्ष फोनवर, विमान मोड सुरू करून घ्यावी. नकाशा घरी उघडला नाही तर दुरुस्त करता येतो. कड्याच्या टोकावर ती सोय नसते.