हातपंपाचे पाणी आणि चिंचेचा कोळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या फ्लोराइडचा दोष हातपंपावर टाकणे सोपे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरींचा सपाटा लागला, आणि केळापूर, झरी-जामणीकडच्या काही गावांत खोल खडकातले, फ्लोराइड मिसळलेले पाणी घागरीत आले. दिसायला नितळ, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पण जुन्या पाण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही आठवावे की पायऱ्यांच्या विहिरींतूनच नारू हा कृमिरोग पसरत असे. देश २००० साली नारूमुक्त ठरला, त्यात हातपंपाचा वाटा मोठा. चूक पंपाची नव्हे, खोदण्याआधी पाणी न तपासण्याची होती.

फ्लोराइड हा जड धातू नाही, तरी शिसे-आर्सेनिकप्रमाणे तोही पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी असल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये मध्यम खात्रीने मांडला. मग या ताणावर आवळा, चिंच असे अँटिऑक्सिडंट पदार्थ पुरतील का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मुलांना रोज १० ग्रॅम चिंच दिली, तेव्हा लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडले. हा अभ्यास २००२ चा. निष्कर्ष आशादायक, पण प्रयोग छोटा आणि मेंदूबद्दल मौन बाळगणारा. अँटिऑक्सिडंटांनी मेंदू वाचतो याचा पुरावा बहुतांशी उंदरांवरचा आहे. घरची चिंच-आमटी खुशाल खावी; मात्र तिच्या भरवशावर पर्यायी नळयोजना लांबवणे हा शुद्ध कामचुकारपणा आहे.